ठेका कोणी धरायचा?

आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलाने गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एक खटपट केली. संगणकात साठवलेले गाणे स्पीकरपर्यंत पोचवणारे यंत्र त्याने घरच्या घरी जोडले. एका टोकाला संगणकातून आलेली यूएसबी केबल, मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्याच्यापुढे पीसीएम ५१०२ ही चिप असलेला तयार बोर्ड आणि शेवटी जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला अॅम्प्लिफायर व स्पीकर. गाणे वाजले. घरच्यांनी कौतुक केले. पण मधूनच गाण्यात ‘टक्’ असा आवाज येई. दुकानदार म्हणाला, केबल हलकी आहे, चांगली घे. मुलाने साठवलेल्या पैशांतून महागडी केबल आणली. टक् जागच्या जागी!

तो माझ्याकडे आला तेव्हा मी एकच विचारले, “दोन टकांमध्ये वेळ किती जातो?” ते त्याने मोजले नव्हते. घरी जाऊन तो घड्याळ घेऊन बसला आणि तासाभराने धावत परत आला. “काका, दहा वेळा मोजलं. दर वेळी शंभर सेकंदांच्या आसपासच येतंय. हे तर वेळ पाळतंय!”

वेळ पाळतंय, हे त्याने अगदी नेमके ओळखले. सैल जोडणी किंवा खराब केबल अशी वेळ पाळत नाही. तिचा खरखराट केव्हाही होतो, हात लागला की वाढतो. जो दोष घड्याळाप्रमाणे येतो त्याचे मूळ घड्याळातच शोधायला हवे.

घरी असे यंत्र बनवणारे विद्यार्थी, आणि पुष्कळदा त्यांना मदत करणारे आपण मोठे लोकही, भलतीकडे लक्ष देतो असे माझे मत आहे. कोणत्या नंबरची चिप घ्यावी, १६ बिटांची की ३२ बिटांची, केबल कोणती घ्यावी, यावर तासन् तास चर्चा होते. पण हे आकडे ध्वनीत रूपांतरित होताना ठेका कोण धरतो, संगणक की आपला बोर्ड, हे कोणी विचारत नाही. खरी गंमत आणि खरे शिक्षण त्या प्रश्नात आहे.

प्रथम आकडे म्हणजे काय ते पाहू. सीडीवरील गाण्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजलेली असते. डाव्या कानासाठी वेगळी आणि उजव्यासाठी वेगळी. प्रत्येक मापाला नमुना म्हणतात आणि तो १६ द्विमान अंकांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या होतात. ४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, पण तो लहरीपणाने निवडलेला नाही. सीडी १९८२ साली बाजारात आली. त्याआधी असे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. टेपवरच्या चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसवले, एका क्षेत्रात उपयोगी ओळी २४५ आणि सेकंदाला क्षेत्रे ६०, असा गुणाकार करून पाहा. युरोपातील पद्धतीने २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे घेतली तरी उत्तर तेच येते. आणि २१० चा वर्ग किती, तेही जाता जाता तपासा.

हे आकडे पुन्हा विजेच्या दाबात बदलणारा तो अंकीय-सदृश परिवर्तक, म्हणजेच डॅक. दुकानातला डॅक काळ्या चौकोनात बंद असतो. त्याचे आतले काम समजण्यासाठी मी प्रत्येक विद्यार्थ्याला आधी एक डॅक हाताने बांधायला सांगेन. त्यासाठी १० किलोओहमचे २५ रोधक आणि एक अंकीय मल्टिमीटर पुरे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ किंवा तुमच्या गावातले रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान, कोठेही हे सुटे रोधक मिळतात.

सात रोधक एका ओळीत जोडा. दोन टोके धरून आठ सांधे झाले. उरलेल्या १८ रोधकांच्या दोन-दोनच्या एकसर जोड्या करा. प्रत्येक जोडी २० किलोओहमची झाली. अशा नऊ जोड्या होतील. प्रत्येक सांध्याला एक जोडी लोंबती ठेवा. नववी जोडी ओळीच्या डाव्या टोकापासून ऋण अग्राला कायमची जोडून टाका. झाली शिडी! आता लोंबत्या आठ टोकांपैकी ज्याला ‘१’ द्यायचा ते ५ व्होल्टला आणि ज्याला ‘०’ द्यायचा ते ऋण अग्राला लावा. (५ व्होल्ट मोबाईलच्या चार्जरमधून घ्या. भिंतीतल्या विजेशी खेळ नको.) डावीकडच्या टोकाचे वजन १, पुढच्याचे २, मग ४, असे करत उजवीकडच्या शेवटच्याचे वजन १२८. उत्तर उजव्या टोकाच्या सांध्यावर मोजायचे. १२७ लिहा, मीटर सुमारे २.४८ व्होल्ट दाखवील. १२८ लिहा, २.५० येतील. शाळेत शिकलेली एकसर आणि समांतर जोडणी वापरून हे आकडे कागदावरही काढता येतात आणि तसे ते काढलेच पाहिजेत.

आता एक खोडी करा. १२८ वजनाच्या जोडीला १ किलोओहमचा आणखी एक रोधक एकसर जोडा. २० चे २१ झाले, म्हणजे ५ टक्के चूक. पुन्हा मोजा. १२७ ला २.५४ व्होल्ट आणि १२८ ला २.४४! आकडा एकने वाढला आणि व्होल्टता घटली. शिडी चढताना एक पायरी खाली गेल्यासारखे झाले. चूक १ टक्क्याची असती तरीही या एका जागी पायरी उलटीच पडली असती, फक्त ती साध्या मीटरवर दिसली नसती. आठ अंकांनाच ही अवस्था, तर सोळा अंकांची शिडी बाजारातल्या रोधकांनी बांधणे किती अवघड असेल याची कल्पना करा. कारखान्यातल्या डॅकची किंमत कशाची असते हे येथे कळते, आणि ही किंमत आज इतकी उतरली आहे की अतिशय चांगली चिप विद्यार्थ्यालाही परवडते. उंचीचा प्रश्न चिप बनवणाऱ्यांनी जवळजवळ सोडवून दिलेला आहे.

वेळेचा प्रश्न मात्र जोडणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या, हाती राहतो.

बरोबर उंचीचा नमुना चुकीच्या क्षणी बाहेर पडला तर तो चुकीच्या उंचीचाच झाला. झोका वेगाने जात असताना छायाचित्र जरा उशिरा टिपले तर झोका दुसऱ्याच जागी दिसतो, तसे हे. सेकंदाला २०,००० कंपनांची पूर्ण जोराची लहर मध्यरेषा ओलांडताना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी चढायला किती वेळ घेते? गणित केले तर उत्तर सुमारे २४३ पिकोसेकंद येते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटरांहून थोडेच अधिक अंतर जातो. खऱ्या गाण्यात इतक्या उंच पट्टीचा इतका जोराचा स्वर नसतो, तेव्हा ही टोकाची मर्यादा समजा. तरी क्षणाला किती किंमत आहे हे ध्यानात येईल.

आता यूएसबीकडे येऊ. संगणक डॅकला नमुने एकेक करून पाठवत नाही. साध्या ‘फुल स्पीड’ यूएसबीत तो दर मिलिसेकंदाला एक पुडके पाठवतो. ४८,००० च्या गाण्याला हे सोपे जाते. दर पुडक्यात ४८ नमुने. पण ४४,१०० ला १००० ने भागले की ४४.१ येतात आणि दशांश नमुना पाठवता येत नाही. म्हणून नऊ पुडकी ४४ नमुन्यांची आणि दहावे ४५ चे, असे चालते. म्हणजे नमुने एकसारखे बाहेर पडावेत यासाठी मध्ये साठवणीची जागा हवीच. तिला बफर म्हणतात.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून पाणी येते ते संगणकाच्या घड्याळाप्रमाणे. खालून जाते ते बोर्डावरच्या स्फटिकाच्या घड्याळाप्रमाणे. दोन्ही घड्याळे म्हणतात, “सेकंदाला ४४,१०० नमुने.” पण कोणाचा सेकंद? जगातले कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे कंपत नाहीत. साध्या स्फटिकात दशलक्षात ५० इतका फरक चालतो असे धरतात. एक तेवढा पुढे आणि दुसरा तेवढा मागे असला की दोघांत दशलक्षात १०० चे अंतर पडले. मनगटी घड्याळात हे अंतर दिवसाला साडेआठ सेकंदांचे झाले असते. आपण दुर्लक्ष केले असते. येथे ४४,१०० चा दशलक्षात १०० वा भाग म्हणजे सेकंदाला ४.४१ नमुने जास्त किंवा कमी पडतात. त्या मुलाने उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये टाकी ८८२ नमुन्यांची होती आणि ती अर्धी भरलेली असताना वादन सुरू होई. वर मोकळी जागा ४४१ ची, खाली शिल्लक ४४१ ची. ४४१ ला ४.४१ ने भागा.

शंभर सेकंद!

शंभर सेकंदांनी टाकी भरून वाहू लागे किंवा कोरडी पडे, प्रोग्रॅम ती पुन्हा अर्धी करी आणि त्या क्षणी टक् होई. केबलचा काडीमात्र संबंध नव्हता. हे गणित मुलाने स्वतः वहीत केले. उत्तर पाहून त्याचा चेहरा जसा झाला तसा तो महागड्या केबलच्या खोक्यावरची जाहिरात वाचताना खास झाला नसेल.

यावर उपाय काय? एक जुना उपाय असा की वरून जसे पाणी येईल तसा खालचा नळ कमीजास्त सोडायचा. म्हणजे डॅकने संगणकाच्या मागे मागे जायचे. याला ‘अॅडॅप्टिव्ह’ पद्धत म्हणतात. घरी डॅक बनवणाऱ्यांच्या आवडीच्या पीसीएम २७०४ घराण्यातल्या चिपा असेच वागतात. त्यांना प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, जोडल्या की वाजतात, म्हणून त्या लोकप्रिय झाल्या. त्यांत टाकी भरत नाही की आटत नाही. पण ठेका संगणकाच्या हाती जातो. संगणकाला तर एकाच वेळी शंभर उद्योग असतात, आणि यूएसबीच्या नियमांनी त्याच्या मिलिसेकंदात दशलक्षात ५०० पर्यंतचा फरक चालवून घेतलेला आहे. त्याच्या मागे धावणाऱ्या घड्याळात थोडी थरथर येतेच. ती किती कमी करायची हे चिप बनवणाऱ्याच्या कौशल्यावर असते.

दुसरा उपाय तुमच्या टाकीतच आहे. तो तरंगता गोळा! पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ आवळतो, उतरले की नळ सैल सोडतो. खालून पाणी ज्या गतीने जायचे त्याच गतीने जाते. जुळवून घ्यावे लागते ते वरून येणाऱ्याला. यूएसबीत याला ‘असिंक्रोनस’ पद्धत म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. ऐकून वाटते की यात कोणाचा मेळ कोणाशी नाही. प्रत्यक्षात मेळ असतो, फक्त पुढारी बदललेला असतो. संगणक दर मिलिसेकंदाला एक खूण पाठवतो. बोर्डाने दोन खुणांच्या मध्ये आपल्या स्फटिकाचे ठोके मोजायचे आणि संगणकाला उलट कळवायचे: मला दर मिलिसेकंदाला ४४.१०४४ नमुने लागतात, त्या हिशेबाने पाठव. संगणक मग ४५ ची पुडकी किंचित अधिक वेळा पाठवतो. हा उलट निरोप तीन बाइटांचा असतो आणि त्यात अपूर्णांकासाठी १४ द्विमान अंक राखलेले असतात. एकाच्या १६,३८४ व्या भागापर्यंत सांगण्याची सोय!

गाण्याच्या बैठकीत ठेका तबलजीने धरायचा असतो, हार्मोनियमच्या पेटीने नव्हे. तसेच येथे आहे. ज्या स्फटिकाच्या ठोक्याला डॅक नमुना बाहेर सोडतो तो स्फटिक डॅकच्या शेजारीच असावा आणि इतरांनी त्याचे ऐकावे. म्हणून चांगल्या यूएसबी बोर्डांवर दोन स्फटिक दिसतात. एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४४,१०० च्या ५१२ पट, आणि दुसरा २४.५७६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४८,००० च्या ५१२ पट. नि:शेष भाग जावा, ठोका कोठे अर्धा राहू नये, यासाठी ही काळजी. बोर्ड विकत घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या बिटांच्या संख्येआधी हे दोन डबीसारखे चकचकीत स्फटिक शोधा.

यूएसबीवरून ध्वनी पाठवण्याचे सर्वमान्य नियम १९९८ साली आले आणि त्यात ही पद्धत दिलेलीच होती. तरी घरगुती डॅक बनवणारे कितीतरी वर्षे तयार चिपेवरच समाधान मानत राहिले. २००६ साली नियमांची दुसरी आवृत्ती आली, जास्त वेगाचे नमुने चालू लागले. विंडोजमध्ये त्या आवृत्तीची अंगभूत सोय मात्र २०१७ पर्यंत नव्हती. तोवर प्रत्येक बोर्डाबरोबर वेगळा ड्रायव्हर बसवावा लागे. आज ती अडचण उरलेली नाही. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड २०२१ साली चार डॉलरला बाजारात आला आणि अशा स्वस्त बोर्डावरही उलट निरोपाचा प्रोग्रॅम लिहिता येतो. त्यावरचे घड्याळ संगीताच्या हिशेबाचे नाही, आणि त्याला ४४,१०० च्या पटीत भागताना ठोके मागेपुढे करावे लागतात. शिकण्यासाठी मात्र याहून चांगले साधन मला माहीत नाही, कारण त्यात दोष दिसतो आणि तो दुरुस्त करता येतो.

केबलविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर दुकानदारावर अन्याय होईल. यूएसबीच्या प्रत्येक पुडक्याबरोबर ते शाबूत पोचले की नाही हे तपासण्याचा आकडा असतो. ध्वनीचे पुडके बिघडले तर मात्र ते पुन्हा मागवले जात नाही, कारण उशिरा आलेला स्वर निरुपयोगी. म्हणजे केबल फारच वाईट असेल तर पुडकी गळतील आणि स्पष्ट खरखर किंवा खंड ऐकू येईल. पण स्वर ‘थोडा कमी गोड’ होणे, तानपुरा ‘जरा दूर’ वाटणे, हे आकड्यांच्या गळतीने होत नाही. केबलमधून आकड्यांबरोबर संगणकाची वीजही येते आणि तिच्याबरोबर त्याची कुरकुर येऊ शकते, ही गोष्ट खरी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या वाटेचा. याला पैसे लागत नाहीत.

आणि कानावर किती विसंबायचे? मित्राला नाणे उडवून केबल बदलायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा आणि दहा वेळा ओळखा. निव्वळ अंदाजाने दहाही बरोबर येण्याची शक्यता १०२४ त एक आहे. मी स्वतः ही परीक्षा दोन केबलींवर दिली आणि पाच बरोबर आले! अॅडॅप्टिव्ह चिप आणि उत्तम असिंक्रोनस बोर्ड यांतला फरक तरी मला दर वेळी ओळखता येईल, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मग हा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते, त्या मुलाला शंभर सेकंदांचे कोडे सुटल्याने जे मिळाले ते स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात मोजता येणार नाही. त्याच्या यंत्रात दोष होता म्हणून त्याला ते मिळाले. दुकानातून आणलेल्या बंद डबीने त्याला हे दिले नसते.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात पाच तयार बोर्ड तारांनी जोडून गाणे वाजवणाऱ्या प्रकल्पाला बक्षीस देण्याआधी विद्यार्थ्याला विचारा, ठोका कोठून येतो? टाकी किती मोठी आहे? ती कधी भरेल? उत्तर न आल्यास त्याला नापास करू नका, घड्याळ देऊन मोजायला बसवा. आणि ज्याची शिडी २५ रोधकांची, वेडीवाकडी, पण १२७ नंतर १२८ का घसरते हे जो सांगू शकतो, त्याचे टेबल प्रदर्शनात कोपऱ्यात ठेवू नका. आवाज काढत नाही म्हणून ते टेबल कोपऱ्यात जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शेजारच्या मुलाने पुढच्या पंधरा दिवसांत प्रोग्रॅममध्ये उलट निरोपाची भर घातली. पहिल्या खेपेला त्याने चिन्ह उलटे लिहिले, त्यामुळे टक् शंभराऐवजी पन्नास सेकंदांनी येऊ लागला आणि तो फार हिरमुसला. पण पन्नासच का, हे त्याने त्याच संध्याकाळी शोधून काढले आणि अधिकाचे उणे केले. आता टक् येत नाही. संगणकाला कळवला जाणारा ४४.१०४४ हा आकडा तो रोज सकाळी आणि दुपारी वहीत उतरवतो. त्यांच्या घरावर पत्रे आहेत. दुपारी खोली तापली की शेवटचा अंक बदलतो असे त्याचे म्हणणे आहे. वही मी अजून पाहिलेली नाही. रविवारी जाणार आहे.